थर्मो शिकवायचं तर चुलवाणापाशी चला

तोंडी परीक्षा संपत आली होती. समोर दुसऱ्या वर्षाचा मेकॅनिकलचा मुलगा. जर्नल पूर्ण भरलेलं, आकृत्या पेन्सिलीने काढलेल्या. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्याला ऊष्मागतिकीचा, म्हणजे थर्मोडायनॅमिक्सचा, दुसरा नियम विचारला. केल्व्हिन-प्लँकचं विधान त्याने इंग्रजीत एका दमात म्हटलं, पाठोपाठ त्याच नियमाचं क्लॉसियस या जर्मन शास्त्रज्ञाचं विधानही. परीक्षक समाधानी झाले. त्याच्या घरचं गुऱ्हाळ आहे, कोल्हापूरकडे, हे मला माहीत होतं. म्हणून मी विचारलं, "तुमच्या चुलवाणात चिपाड जळतं, त्याची सगळी उष्णता रसात जाते का?"

"नाही मॅडम."

"मग कुठे जाते?"

तो गप्प झाला. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. त्या आगीची धग त्याने लहानपणापासून प्रत्येक हंगामात तोंडावर घेतली होती. तिचा आणि आताच म्हटलेल्या दोन इंग्रजी वाक्यांचा काही संबंध असेल, असं मात्र त्याला कधी कोणी सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नव्हतं, आणि सत्रभर त्याला हा विषय मीच शिकवला होता.

चौदा वर्षं मी थर्मो शिकवते आहे. आता माझं मत पक्कं झालं आहे की आपण हा विषय उलट्या टोकाने शिकवतो. पहिल्या आठवड्यात व्याख्या येतात: सिस्टीम, सराउंडिंग, बाउंडरी, पॉइंट फंक्शन, पाथ फंक्शन, झिरोथ लॉ. मग सूत्रं, मग गणितं आणि शेवटी कधीतरी, वेळ उरला तर, एखादं यंत्र. सुरुवात यंत्रापासून व्हायला हवी, तेही विद्यार्थ्याच्या गावात चालणाऱ्या यंत्रापासून. आणि परीक्षेतले गुण आधी एका गोष्टीला मिळायला हवेत: हिशेब कशाचा मांडायचा, त्याची सीमा कुठे आखायची, हे त्याने स्वतः ठरवलं का?

त्या तोंडी परीक्षेनंतर, जानेवारीत, मी दहा-बारा मुलांना घेऊन त्याच मुलाच्या गुऱ्हाळावर गेले. पहाटेचं आधण चढलं होतं. काहिलीतल्या रसावर मळी येत होती आणि एक माणूस झाऱ्याने ती काढत होता. भेंडीचं पाणी पडलं तशी ती आणखी वर आली. खाली चुलवाणाच्या तोंडाशी बसलेला माणूस मूठ-मूठ चिपाड आत सारत होता. त्याच्याजवळ दोन मिनिटं उभं राहवत नव्हतं. काहिलीवर वाफेचा पांढरा ढग होता. तो पत्र्याखालून वाट काढत आभाळात जात होता.

मुलांना मी खडू दिला आणि म्हटलं, जमिनीवर चित्र काढा आणि तुकड्या-तुकड्यांची रेघ मारून सीमा आखा. एकाने फक्त काहिलीभोवती आखली. त्याच्या हिशेबात खालून उष्णता आत येते आणि वरून वाफ बाहेर जाते. दुसरीने काहील आणि चुलवाण दोन्ही एका रेघेत घेतले. तिच्याकडे उष्णता आत येतच नाही, चिपाड आणि हवा आत येतात, बाहेर जातात वाफ, धूर, राख आणि त्या माणसाच्या तोंडावर बसणारी धग. तिसऱ्याने उसाचा चरकही आत घेतला. त्याच्या चित्रात जळण बाहेरून येतच नव्हतं, कारण चिपाड त्याच उसातून निघालं होतं. गुऱ्हाळ एकच, आग एकच, पण रेघ हलली की हिशेबाच्या वहीतली नावं बदलली. माझ्या वर्गात पुस्तकातली बाउंडरीची व्याख्या वर्षानुवर्षं पाठ होत आली आहे. ती समजल्याचं मला त्या दिवशी, त्या खडूच्या रेघांवर, पहिल्यांदा दिसलं.

मग आकडे आले. समजा काहिलीत १००० किलो रस आहे. त्यात घन पदार्थ साधारण पाचवा हिस्सा, म्हणजे गूळ होईपर्यंत अंदाजे ७८० किलो पाणी उडवायला हवं. १०० अंश सेल्सिअसला एक किलो पाण्याची वाफ करायला २२५७ किलोज्यूल लागतात. त्याचे झाले सुमारे १७ लाख ६० हजार. रस उकळीपर्यंत तापवायला आणखी तीनएक लाख धरा. एकूण वीस लाखांच्या थोडं वर. वाळलेल्या चिपाडातून किलोमागे साधारण १५,००० किलोज्यूल मिळतात असं धरलं, तर सगळी उष्णता रसातच गेली असती तर १४० किलो चिपाडात काम भागलं असतं. प्रत्यक्षात त्याच्या दुपटीहून जास्त जळतं. उरलेली कुठे जाते, हे मुलांनी आता बोट दाखवून सांगितलं: धुराड्यातून, चुलवाणाच्या भिंतीतून, तोंडातून.

पण खरा प्रश्न पुढे आला, आणि तो त्याच गप्प बसलेल्या मुलाने विचारला. "मॅडम, रसात गेलेल्या वीस लाखांतले साडेसतरा लाख तर त्या वाफेबरोबर वर चाललेत. ती वाफ परत काहिलीखाली आणली तर?"

दुसरा नियम शिकवायला याहून चांगला क्षण मला चौदा वर्षांत मिळाला नव्हता. ती वाफ द्रवते १०० अंशांना. काहिलीतला पाक, साखर दाट होत जाते तसा १०० च्या वर उकळतो आणि गूळ उतरवताना तर ११५ च्याही पुढे गेलेला असतो. शंभर अंशांच्या वाफेने एकशे पाच अंशांचा पाक कसा तापणार? वाफेजवळ ऊर्जेचा साठा अफाट आहे, पण उष्णता आपणहून चढावर जात नाही. क्लॉसियसने हेच म्हटलं होतं, आणि मुलाने ते परीक्षकांना अस्खलित ऐकवलंही होतं. त्याचा अर्थ त्याला आपल्या वडिलांच्या काहिलीवर सापडला.

मग यावर उपाय काय? दुसऱ्या भांड्यातला दाब कमी करा, म्हणजे त्यातला रस कमी तापमानाला उकळेल आणि पहिल्याची वाफ त्याला पुरेल. दुसऱ्याची वाफ तिसऱ्याला, तिसऱ्याची चौथ्याला. नॉर्बर्ट रिलियू या अमेरिकी अभियंत्याने हे करून दाखवलं. न्यू ऑर्लिन्समध्ये १८०६ साली मिश्रवंशीय कुटुंबात जन्मलेला, पॅरिसमध्ये शिकलेला हा माणूस. त्याची पेटंटं १८४३ आणि १८४६ ची. लुइझियानाच्या मळ्यांत तेव्हा उघड्या कढयांची रांग लावून रस आटवत आणि उकळता रस एका कढईतून दुसऱ्या कढईत ओतायचं जिवावरचं काम गुलामांना करावं लागे. रिलियूची बंद भांडी पुढे जगभरच्या साखर कारखान्यांत गेली. आपल्याकडे प्रवरानगरपासून सुरू झालेल्या सहकारी साखर कारखान्यांतही आज रस आटतो तो याच तत्त्वावर. चार भांड्यांच्या संचात एक किलो वाफ घातली की ढोबळमानाने चार किलो पाणी उडतं. शेवटच्या भांड्यात रस ६० अंशांच्या आतबाहेर उकळत असतो.

इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळा विषय या चार भांड्यांत आहे. तीच उष्णता चार वेळा वापरली, मग ती संपली कुठे? संपली नाही. हिशेबाला जवळपास तेवढीच राहिली, हा पहिला नियम. पण प्रत्येक भांड्यात ती एकेक पायरी खाली उतरली आणि शेवटी, वाफ थंड करून तिचं पाणी करणाऱ्या कंडेन्सरच्या कोमट पाण्यात मिसळली. त्या पाण्यात ती ऊर्जा म्हणून आहे, मोजताही येते, पण तिने आता रस उकळत नाही. हा दुसरा नियम. या उतरणीला माप हवं म्हणून क्लॉसियसने १८६५ साली एन्ट्रॉपी हा शब्द घडवला. हे एकदा पाहिलेल्या मुलाला एन्ट्रॉपी म्हणजे 'अव्यवस्थेचं मोजमाप' असं कोड्यासारखं वाक्य पाठ करावं लागत नाही.

आणि तारखा पाहा. रिलियूची पेटंटं क्लॉसियसच्या, दुसरा नियम मांडणाऱ्या, १८५० च्या निबंधाच्या आधीची आहेत. न्यूकोमेनचं वाफेचं इंजिन १७१२ साली कोळशाच्या खाणीतलं पाणी उपसत होतं. जेम्स वॉटला वेगळ्या कंडेन्सरची कल्पना सुचली १७६५ साली. सादी कार्नो या फ्रेंच लष्करी अभियंत्याने १८२४ साली, अठ्ठाविसाव्या वर्षी, आपलं एकमेव पुस्तक छापलं. इंजिनातून जास्तीत जास्त किती काम निघू शकतं, हा त्याचा प्रश्न होता. न्यूकोमेनपासून क्लॉसियसपर्यंत १३८ वर्षं गेली. माणसाने आधी यंत्र चालवलं, मग ते इतकं जळण का खातं असं विचारलं, आणि मग नियम सापडला. आपण वर्गात शेवटचं पान आधी उघडतो आणि मुलं कंटाळली म्हणून मुलांनाच दोष देतो.

कार्नोबद्दल आणखी एक गोष्ट मी वर्गात आवर्जून सांगते. त्याने पुस्तक लिहिलं तेव्हा उष्णता हा एक द्रव आहे, तो वरून खाली पडतो आणि पाण्यावर चक्र फिरावं तसं इंजिन फिरतं, असं तो मानत होता. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहिलेल्याला ही उपमा लगेच पटेल. ती चुकीची होती, तरी निष्कर्ष बरोबर निघाला. पुढे त्याची त्यालाच शंका आल्याचं त्याच्या टिपणांत दिसतं. पण १८३२ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, कॉलऱ्याने तो गेला आणि ती टिपणं १८७८ पर्यंत छापली गेली नाहीत. आमची मुलं 'पाण्यात उष्णता साठलेली असते' असं लिहितात तेव्हा ती तीच चूक करत असतात. या चुकीवर लाल रेघ मारून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. तिच्यावर एक तास बोलायला हवं, कारण उष्णता, तापमान आणि अंतर्गत ऊर्जा हे तीन वेगळे शब्द का लागले ते तिथेच उलगडतं.

आता परीक्षेकडे येते. नेहमीचं गणित असं असतं: सिलिंडरमध्ये ०.५ किलो हवा आहे, दाब १ बार, तापमान २७ अंश, घातांक १.३, दाब ५ बार होईपर्यंत दाबली, तर काम आणि उष्णता काढा. हे गणित वाईट नाही. आकड्यांवर हात बसतो, एककं सांभाळायची सवय लागते, आणि ती लागायलाच हवी. पण त्यात काय काय आधीच ठरून आलं आहे ते पाहा. प्रणाली, म्हणजे सिस्टीम, ही आतली हवा आहे, सिलिंडर नाही, हे ठरलेलं. हवा आदर्श वायू मानायची, हे ठरलेलं. प्रक्रिया सावकाश होते, घर्षण नाही, घातांक इतका, सगळं ठरलेलं. विद्यार्थ्याकडे उरतो तो कॅल्क्युलेटर. अभियंत्याचं जे खरं काम, ते पेपर काढणाऱ्याने आधीच करून ठेवलेलं असतं. म्हणून गेल्या पाच वर्षांचे पेपर सोडवून, 'आयएमपी' म्हणून फिरणारी वीस गणितं पाठ करून मुलगा पास होतो, आणि कारखान्यात गेला की बॉयलरसमोर उभा राहून कुठून सुरुवात करू असं विचारतो. ज्याला पाठ करणं जमत नाही त्याची केटी लागते, म्हणजे तो विषय पुन्हा द्यावा लागतो. त्यातली कित्येक मुलं डोक्याने चांगली असतात.

चिन्हांचा गोंधळ हा याचाच भाग. बारावीच्या रसायनशास्त्रात प्रणालीवर केलेलं काम अधिक धरतात. मेकॅनिकलला आल्यावर प्रणालीने केलेलं काम अधिक. दोन्ही बरोबर आहेत. इंजिनवाल्याला काम बाहेर हवं असतं म्हणून त्याने तसं धरलं, इतकं एक वाक्य सांगितलं तरी मूल शांत होतं. पण सीमाच आखलेली नसेल तर आत काय आणि बाहेर काय? मग उणे-अधिक हे नशिबावर सोडलेलं असतं.

भाषेचं बोलल्याशिवाय हे पुरं होणार नाही. माझ्या वर्गातली बरीच मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमातली. दहावीच्या विज्ञानात ती 'अप्रकट उष्मा' शिकून आलेली असतात. वितळताना तापमान का वाढत नाही, हे त्यांना तेव्हा कळलेलंही असतं. इथे आल्यावर 'लेटंट हीट' नावाचं काहीतरी नवीन भेटतं आणि जुनं मागे राहतं. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने २०२१ पासून भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला मुभा दिली आहे. सगळी पदवी मराठीत व्हावी का, हा मोठा वाद आहे, त्यात मी आज शिरत नाही. माझं मागणं छोटं आहे: वर्गातली चर्चा आणि तोंडी परीक्षा मुलाला हव्या त्या भाषेत होऊ द्या. आपल्या भाषेत ऊब आहे, आच आहे, धग आहे, झळ आहे, चटका आहे. हे सगळे उष्णता कशी आणि किती वेगाने येते याचे शब्द आहेत. स्टीलच्या डब्याचा चटका बसतो आणि त्याच तापमानाच्या लाकडी झाकणाचा बसत नाही, हे कोणत्याही आईला माहीत आहे. वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा वाईट, हेही. एक ग्रॅम उकळतं पाणी अंगाच्या तापमानाला येईपर्यंत सुमारे २६४ ज्यूल देतं. वाफ नुसती पाणी होतानाच २२५७ ज्यूल देते आणि मग ते २६४ वेगळे. स्वयंपाकघरातलं हे शहाणपण वर्गाच्या दारात काढून ठेवायला आपण मुलांना शिकवतो, याचं मला वाईट वाटतं.

गुऱ्हाळ सगळीकडे नाही, पण यंत्र सगळीकडे आहे. नागपूर-अकोल्याच्या मुलांना कूलर द्या. ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असताना पाणी उडवून हवा साधारण २३ अंशांपर्यंत उतरू शकते. मुंबईत ३४ अंश आणि ७० टक्क्यांना ती २९ च्या खाली जातच नाही. विदर्भात खिडकीला वाळ्याचे पडदे का लागतात आणि दादरला का लागत नाहीत, याचं उत्तर सायक्रोमेट्रिक चार्टवर, म्हणजे हवेचं तापमान आणि ओलावा यांच्या तक्त्यावर, बोट ठेवून काढता येतं. चंद्रपूरच्या मुलांसमोर २९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र उभं आहे. कोळशाच्या उष्णतेतला सुमारे तिसरा हिस्साच वीज होतो. बाकीची उष्णता चिमणीतून आणि मुख्यतः कंडेन्सरच्या पाण्यातून कूलिंग टॉवरकडे जाते. त्या टॉवरमधून निघणारं पांढरं काय आहे, धूर की वाफ, एवढं विचारून वर्ग सुरू करा. कोकणात मासळी बंदरावरचा बर्फाचा कारखाना आहे.

याला सहकारी प्राध्यापकांचे आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. अभ्यासक्रम पुरा होत नाही, पंधरा आठवड्यांत सहली कुठे बसवायच्या, असं म्हणतात. माझा अनुभव असा की सुरुवातीला गेलेली एक दुपार पुढे तीन तास वाचवते, कारण बाउंडरी, चिन्हं आणि दुसरा नियम पुन्हा पुन्हा शिकवावा लागत नाही. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. प्रत्येकाने वेगळी सीमा आखली, वेगळी गृहीतकं धरली, तर हजारो उत्तरपत्रिका एकाच मापाने कशा तपासायच्या? अन्याय होण्याची भीती आहे, हे मी मान्य करते. पण उत्तराच्या आकड्यालाच सगळे गुण ठेवण्यातही अन्याय आहेच, तो फक्त सवयीचा झाला आहे. आठ गुणांत दोन सीमेला, दोन आत-बाहेर जाणाऱ्या बाणांना, दोन गृहीतकांच्या कारणांना आणि दोन गणिताला, असं वाटून देता येतं. स्वायत्त महाविद्यालयं आपले पेपर आपणच काढतात. त्यांना तर विद्यापीठाची वाट पाहायचंही कारण नाही.

आणि 'मुलं शेवटी आयटीतच जाणार' हे म्हणणं मला पटत नाही. नवी मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये शिरणारी जवळपास सगळी वीज उष्णता होऊनच बाहेर पडते. ती बाहेर काढणं हे तिथलं रोजचं काम आहे आणि त्याचा हिशेब सीमेवरच मांडावा लागतो.

गुऱ्हाळावरून आम्ही निघालो तेव्हा गुळव्याने पाक पाण्यात टाकून गोळी पाहिली होती आणि काहील उतरवायची घाई चालली होती. मुलाचे वडील तरी थांबले. पोरांनी जमिनीवर काय काढलंय ते त्यांनी नीट पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, काहिलीवर झाकण ठिवलं तर?"

"वाफ कोंडली की उतू जाईल, दादा," मुलगाच म्हणाला. "पण नळीनं बाजूला नेली तर? त्या वाफेनं काहिलीतला पाक उकळणार नाही. पुढच्या आधणाचा रस मात्र गारच असतोय की."

त्याने खडू घेतला आणि ताज्या रसाच्या टाकीभोवती नवी रेघ आखली. १००० किलो रस, २७ अंशांवरून ८० पर्यंत, सुमारे दोन लाख किलोज्यूल. काहिलीवरून जाणाऱ्या वाफेचा आठवा हिस्साही नाही. चुलवाणातलं निम्म्याहून जास्त वायाच जातं हे धरून त्याने आधणामागे तीसेक किलो चिपाड वाचेल असं काढलं. वडिलांनी ते ऐकून घेतलं, थोडा वेळ धुराड्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आणि नळीला खर्च किती येतोय, ते बी मांड."